मोडलाच आहे उपास, तर…

प्रश्न : वय ४१. सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. घरी सासूबाई, हे आणि दोन मुलं. धाकट्याच्या वेळी वाढलेलं वजन उतरवायचं म्हणून गेली कित्येक वर्षं काही ना काही चालूच आहे. सध्या सकाळी बिनसाखरेचा चहा, डब्यात एक पोळी-भाजी, रात्री भात बंद. सोमवार करते, संकष्टी करते, गुरुवारी एकभुक्त. दिवसभर भुकेचा त्रास होत नाही, उलट हलकं वाटतं. पण आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जाते आणि मग थांबताच येत नाही. उरलेला भात दह्यात कालवून, मग पोळीला तूप-साखर, मग शेंगदाण्याचे लाडू, मग फरसाण, मग मुलांची बिस्किटं. सगळं ओट्याशी उभं राहून. डब्याचं झाकण आवाज न करता कसं काढायचं ते मला आता येतं. पोट दुखायला लागलं की थांबते. मग रडू येतं आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास. हावरटपणा म्हणावा, तर चारचौघांत मी मोजकंच जेवते. जिला दिवसभर भूकच लागत नाही, तिला रात्री पोट भरल्यावरही खावंसं का वाटतं? मनाचा निग्रह वाढवायला काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुम्ही सगळं पत्र रात्रीबद्दल लिहिलं आहे. मला त्यातल्या दिवसाच्या दोन ओळी जास्त बोलक्या वाटल्या. सकाळी नुसता चहा, दुपारी एक पोळी, रात्री बिनभाताचं जेवण, आणि उपासाच्या दिवशी तेवढंही नाही. उभ्यानं तास घेणं, वह्यांचे गठ्ठे तपासणं, घरी येऊन पुन्हा रांधणं हे एवढ्या अन्नावर भागत नाही. शरीर ती तूट कुठेतरी भरून काढणारच. तुमचं शरीर ती रात्री भरून काढतं, कारण तेव्हा त्याला अडवणारं कुणी जागं नसतं. त्यामुळे निग्रह वाढवायचा सल्ला मी देणार नाही. निग्रह तुमच्यापाशी गरजेपेक्षा जास्त आहे आणि दुखण्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

हे तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. दुसऱ्या महायुद्धात युरोपात उपासमार माजली होती आणि अशा माणसांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं १९४४ च्या नोव्हेंबरात एक प्रयोग सुरू केला. ३६ धडधाकट तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. तत्त्वासाठी शस्त्र हाती धरायला नकार दिलेली ही मंडळी. मनानं कच्ची म्हणावी अशी मुळीच नव्हती. पहिले तीन महिने त्यांना पोटभर खायला घातलं. पुढचे सहा महिने दिवसाला सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास, तेही बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असलं साधं अन्न. (आपल्याकडे १,२०० कॅलरींचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणीही कुणालाही पाठवतं, तेव्हा मला हा आकडा आठवतो.) त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शानं उतरलं. त्याहून विलक्षण होतं ते मनाचं. दिवसरात्र डोक्यात अन्न. स्वयंपाकाशी कधी देणंघेणं नसलेले हे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ताटातलं दोन-दोन तास चिवडत बसायचे, ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे. च्युइंग गम आणि कॉफी इतकी वाढली की त्यांवर मर्यादा घालावी लागली. काहींचा तोल मध्येच गेला, त्यांनी चोरून खाल्लं आणि मग शरमेनं मान खाली घातली. आणि खाण्यावरचं बंधन उठल्यावर? कितीतरी जण पोट दुखेपर्यंत खात आणि पोट भरल्यासारखं वाटत नाही अशी तक्रार करत. हे काही आठवडे नाही, महिनोन्‌महिने चाललं. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० साली या सगळ्याचा दोन खंडांचा ग्रंथ काढला. ओट्याशी उभी असलेली तुम्ही त्यातल्या पानांवर मला पुन्हा पुन्हा दिसता.

पण नुसती भूक असती तर ती दहीभातावर थांबली असती, हे तुमचं म्हणणंही खरं आहे. लाडवाच्या पुढचं खाणं भुकेचं नसतं. त्याचा उलगडा १९७५ च्या एका प्रयोगात सापडतो. हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक दिला. काहींना एक, काहींना दोन, काहींना एकही नाही. मग चव कशी आहे ते सांगा म्हणून तीन तऱ्हांचं आइस्क्रीम पुढे ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. ज्या मुली एरवी खाण्याचा फारसा विचार करत नसत, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेल्या माणसानं वागावं तशाच वागल्या. ज्या सदा खाण्यावर पहारा ठेवून असत, त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. त्यांच्या मनानं घेतलं की आजचा नेम तर मोडलाच, मग आता काय राहिलं! तुमच्या घरात रात्री हेच होतं. दहीभाताच्या पहिल्या घासाला ‘भात बंद’ हा नियम मोडतो, आणि मोडलाच आहे तर सगळंच होऊन जाऊ दे. उद्यापासून कडक आहेच. उद्याच्या कडक उपासाचं आश्वासनच आजच्या फरसाणाला परवानगी देतं, आणि तो उपास परवाच्या रात्रीची तयारी करून ठेवतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं आपण थट्टेनं म्हणतो. ती म्हण ज्या कुणा आजीबाईला सुचली तिची नजर मात्र तीक्ष्ण असली पाहिजे.

तेव्हा करायचं काय? ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी या त्रासावर बसवलेली उपचारपद्धती जगभर वापरली जाते. तिच्या अगदी सुरुवातीची पायरी ऐकून बहुतेकांना दचकायला होतं: वेळेवर खा. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन लहान खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही. भूक लागली की खाऊ, असं इथे चालत नाही. इतकी वर्षं दाबलेली भूक वेळच्या वेळी हाक मारायची विसरलेली असते, म्हणून काही काळ घड्याळाचं ऐकायचं. ‘हलकं वाटतंय, भूकच नाही’ हे तुमच्या बाबतीत न खाण्याचं कारण होऊ शकत नाही.

तुमच्या दिवसात हे असं बसेल. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी बशीभर पोहे किंवा दूध-भाकरी, काहीही, पण बसून. छोट्या सुट्टीत केळं आणि मूठभर शेंगदाणे; स्टाफरूममध्ये कुणी बघितलं तर बघू दे. डब्यात एकीच्या दोन पोळ्या, उसळ असेल तर उत्तम. संध्याकाळी चहाबरोबर फुटाणे किंवा अर्धं थालीपीठ. रात्री भात. हो, भात, आमटीसकट आणि तुपासकट. आणि रात्रीचं पान सगळ्यांबरोबर मांडायचं. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना गरम वाढून मग उरलंसुरलं घेऊन शेवटी बसणाऱ्यांतल्या तुम्ही असाल असा माझा अंदाज आहे. पंधरा मिनिटं आधी पोळ्या करून ठेवल्या तर त्या निवतील, इतकंच. निवलेली पोळी खाऊन आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

उपासांचं विचारलं नाहीत तरी सांगते. निदान काही महिने सोडा. आजारी माणसाला, बाळंतिणीला उपासाची सूट आपल्या घरांतून कायमच होती. तीच तुम्ही घ्या. सासूबाईंना ‘डॉक्टरांनी पित्तासाठी बंद करायला सांगितलंय’ म्हणायची वेळ आली तर मी तो खोटेपणा धरणार नाही. संकष्टी मोडवतच नसेल, तर चंद्रोदयापर्यंत ताटकळणं तरी नको. दिवसभरात तीन-चारदा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, ताक, राजगिऱ्याची वडी, केळं असं खात राहा. साबुदाण्याची एक ताटली सकाळी आणि मग रात्रीपर्यंत काही नाही, हा सगळ्यात वाईट बेत.

इथे एक वाद मध्ये येणार हे मला माहीत आहे. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण आटपा असं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं खायला सांगतात. आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत यावरून तट पडलेले आहेत. त्याचा निवाडा मी इथे करत नाही. दोनदा जेवून ज्यांचं बरं चाललंय त्यांनी ते खुशाल चालू ठेवावं. ज्यांचा रात्री ताबा सुटतो त्यांना मात्र लांब खंड सोसत नाही, एवढंच माझं म्हणणं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

एक वही करा. कॅलरी लिहायच्या नाहीत. किती वाजता, काय, बसून की उभ्यानं, आणि त्याआधी काय घडलं होतं, एवढंच. आणि खाल्लं की लगेच, रात्री झोपताना आठवून नाही. ‘रात्री ११.४०, भात, उभ्यानं. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर बोल लावला’ अशी एखादी नोंद आली की पुढची वाट दिसते. कारण उपाशीपणा हे एक कारण झालं; दुसरं असतं ते गिळलेल्या रागाचं, एकटेपणाचं, नुसत्या थकव्याचं. दिवसभरात स्वतःच्या अशा वीस मिनिटांसाठी बाईला रात्रीचं स्वयंपाकघरच मोकळं सापडत असेल, तर ती वीस मिनिटं दुसरीकडून काढायला हवीत. तो घरातल्या सगळ्यांचा प्रश्न आहे, तुमच्या एकटीचा नाही.

जेवण सुधारल्यावरही ओढ येईल. ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते, पण आपण तिला कधी तेवढा वेळ दिलेला नसतो. दात घासा, गच्चीवर जा, बहिणीला फोन लावा, उद्याच्या तासाचे फळ्यावरचे मुद्दे काढा. तरीही खाल्लंच, तर दिवा लावा, ताटलीत घ्या, खाली बसा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे पोहे चुकवू नका. सगळ्या सल्ल्यांतला एकच पाळणार असाल तर हा पाळा. खाण्याचा झटका येऊन गेल्यावर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवणं हे कुठल्याही डाएटपेक्षा अवघड असतं.

घडी बसायला लागली, की लाडू आणि फरसाण दिवसाउजेडी घरात परत आणा. चार वाजता चहाबरोबर एक लाडू, मुलांबरोबर. जे कायमचं वर्ज्य असतं त्याचीच रात्री आठवण येते.

वजनाचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात पहिल्या ओळीपासून घोळत असणार. स्पष्ट सांगते: या उपचारानं झटके कमी होतात, पण वजन फारसं उतरतंच असं नाही. वाढेल अशी जी भीती असते तीही बहुधा खरी ठरत नाही, कारण दिवसा वाढलेलं खाणं रात्रीच्या खाण्यातून वजा होतं. काटा आठवड्यातून एकदाच पाहा. गेल्या वर्षा-दोन वर्षांत गाजत असलेली वजनाची इंजेक्शनं कुणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. तो निर्णय तुमची खाण्याची ही सगळी हकीकत ऐकून घेतलेल्या डॉक्टरांचा.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक, कोल्हापूर. हल्ली प्रत्येक गोष्टीला आजार म्हणायची पद्धत पडली आहे. आमच्या तरुणपणी पंगतीत पैजेवर तीस-तीस जिलब्या खाणारे लोक होते. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. जास्त खाणं हा रोग कधीपासून झाला?

उत्तर : गुरुजी, तारीख हवी तर १९५९. त्या वर्षी अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं आपल्या स्थूल रुग्णांपैकी काहींचं हे असं झटक्यानं खाणं प्रथम शास्त्रीय निबंधात नोंदवलं. अधिकृत शिक्का बसायला मात्र आणखी अर्धं शतक लागलं. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र आजार मानला, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे.

तुमचे जिलबीवीर त्यात बसत नाहीत. ते लोकांसमोर खात, टाळ्या घेत, आणि पैज संपली की हात धुऊन पान लावत. पाडव्याचं श्रीखंड, हुरड्याच्या दिवसांत शेतावर केलेली चैन, आमरसाची तिसरी वाटी हाही आजार नाही. तज्ज्ञ बघतात ते वेगळं. दोनेक तासांत, इतर कुणी खाईल त्याहून निःसंशय जास्त खाल्लं गेलं का, आणि त्या वेळी ‘आपल्याला थांबताच येत नाही’ असं वाटलं का. भराभरा खाणं, पोटाला तड लागेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेनं एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं किंवा उदास होणं, यांपैकी निदान तीन गोष्टी. आणि हे आठवड्यातून सरासरी एकदा तरी, तीन महिने. असे लोक तुमच्या तरुणपणीही पंगतीत होते. ते दोन जिलब्यांवर ‘पुरे’ म्हणून उठत आणि पुढचं घरी जाऊन, कुणी पाहत नसताना.

प्रश्न : वय २३, पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. रात्री दोन-अडीचपर्यंत अभ्यास, सकाळी सातला लायब्ररीत जागा धरायची. आठवडाभर डाएट पाळतो, व्यायामही करतो, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा मोबाइलवरून मागवतो आणि दोन बिर्याण्या, केक, चिप्स एका बैठकीत संपतात. मित्र म्हणतात चीट डे आहे, चालतंय. पण त्यानंतर दोन दिवस अभ्यास होत नाही. हे बायकांचं दुखणं आहे ना?

उत्तर : नाही. खाण्याच्या आजारांपैकी पुरुषांत बऱ्यापैकी आढळणारा हाच आहे, फक्त पुरुष त्याला ‘चीट डे’ म्हणतात आणि दवाखान्यात जात नाहीत.

तुझ्या पत्रातला रविवार मला दुय्यम वाटतो. तू रोज चार-साडेचार तास झोपतोस. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ तरुण पुरुषांवर एक लहानसा अभ्यास झाला. दोन रात्री अंथरुणात चारच तास मिळाल्यावर त्यांच्या रक्तात पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ खाण्याची. तुझ्या अशा रात्री दोन नाहीत, वर्षभराच्या आहेत. त्यात तू मागवतोस ते पाकीटबंद खाणं. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर आपल्या देखरेखीखाली ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात फार प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं. पुढे ठेवलेल्या ताटांत साखर, चरबी, चोथा, कॅलरी सगळं तोलामापानं सारखं, आणि खायचं हवं तेवढं. तरीही प्रक्रिया केलेल्या अन्नावर लोक दिवसाला जवळपास ५०० कॅलरी जास्त खात, आणि भराभरा खात. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे सगळा दोष तुझ्या जिभेचा नाही.

वरच्या ताईंना सांगितलेलं वेळापत्रक तुलाही लागू. शिवाय दोन गोष्टी. दिवे बाराला मालव. दोन ते अडीचमध्ये वाचलेलं राज्यशास्त्र परीक्षेत आठवतंही नाही. आणि मेस रविवारी संध्याकाळी बंद असते हे तुला सोमवारीच माहीत असतं. शनिवारी अंडी, पाव, दही, काकड्या आणून ठेव, किंवा रूममेटला घेऊन थाळीच्या खानावळीत जा. घरपोच मागवायचं अ‍ॅप फोनवरून काढ. पुन्हा टाकायला, ओटीपी घालायला जो वेळ जातो तेवढ्यात निम्म्या वेळा विचार बदलतो. चीट डे हा शब्दच सोडून दे. रविवारची एक बिर्याणी मित्रांबरोबर बसून खाणं ही लबाडी कशी?

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची, अकरावीत आहे. तिच्या पलंगाच्या गादीखाली वेफर्स आणि चॉकलेटची रिकामी पाकिटं मिळाली. घरात ती जेवत नाही म्हटलं तरी चालेल. आल्या-गेल्या प्रत्येकाला तिच्या अंगकाठीबद्दल काहीतरी बोलायचं असतं. मी डबे कपाटात कुलपात ठेवू का? तिला विचारू कसं? (ठाणे)

उत्तर : कुलूप नको. कुलपानं खाणं थांबत नाही, ते फक्त घराबाहेर जातं आणि लपवणं वाढतं. तिला वाटेल, घरात आपल्यावर पाळत आहे.

त्याआधी एक गोष्ट तातडीनं पाहायची. जेवणानंतर ती लगेच बाथरूममध्ये जाते का, नळ बराच वेळ सोडून ठेवते का, बोटांच्या पेरांवर घट्टे किंवा ओरखडे आहेत का, गाल सुजल्यासारखे दिसतात का, दात झिणझिणतात का, जुलाबाच्या गोळ्या सापडल्या का. यांतलं काही असेल तर ती खाल्लेलं बाहेर काढते आहे अशी शंका घ्यायला हवी. १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी या आजाराचं वर्णन करून त्याला बुलिमिया नर्व्होसा असं नाव दिलं. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ म्हणायचं नाही. त्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. मुलगी वारंवार चक्कर येऊन पडत असेल, मरण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका.

तसं काही नसलं तरी बोलायला हवंच, पण पाकिटं पुढ्यात टाकून नाही. जेवणाच्या टेबलावर नाही, बाबांच्या आणि भावाच्या देखत तर नाहीच. गाडीतून जाताना किंवा कपडे वाळत घालताना, जिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, तिथे सोपं जातं. ‘तू हल्ली आमच्याबरोबर जेवत नाहीस, मला काळजी वाटते. काही त्रास होतोय का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती ‘काही नाही’ म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा विचारा. वजन, कपड्याचा साइज, मावशीची सडपातळ मुलगी, यांतलं काहीही त्या बोलण्यात येता कामा नये. तुमचं स्वतःचं ‘मी किती सुटलेय, आज रात्री मी काही घेणार नाही’ हेही बंद. मुली ते ऐकत असतात.

कुठे जायचं हे कळत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं. मुलीला घेऊनच फोन करायला हवा असं नाही, आईनं एकटीनं केला तरी चालतो. आहारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा वजन उतरवण्याचा तक्ता मागू नका. ‘हिला चारी ठाव वेळेवर जेवतं करायचं आहे’ असं आधीच सांगा आणि त्यांनी पहिल्याच भेटीत काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला तर दुसरे शोधा.

राहिले आले-गेलेले. ते सुधारणार नाहीत, पण त्यांना आडवं जाता येतं. गणपतीत घर भरलेलं असताना कुणी ‘काय गं, अंगानं चांगलीच भरलीस’ म्हणालं, की मुलीनं उत्तर शोधायच्या आत तुम्ही बोला. ‘काकू, आमच्या घरात आता कुणाच्या अंगाबद्दल बोलत नाही आम्ही. मोदक घ्या.’ काकू दोन दिवस फुगून बसतील. त्यांना फुगू द्या. आणि मुलीच्या पानात मोदक वाढताना, तो किती घ्यायचा हे तिचं तिला ठरवू द्या.